परिप्रश्नाचा अधिकार

गुरू निवडण्याच्या प्रश्नात एक मूळचीच अडचण आहे: ज्याला अजून काही उमगलेले नाही त्याने, ज्याला सर्व उमगले आहे असे सांगितले जाते, त्याची पारख करायची असते. आत्मज्ञान ही बाहेरून दिसणारी वस्तू नसल्यामुळे ते समोरच्या माणसाला झाले आहे की नाही हे ठरवण्याचे साधन साधकापाशी, म्हणजे या वाटेला नुकत्याच लागलेल्या माणसापाशी, नसते; आणि ते असते तर त्याला गुरूची गरजच पडली नसती. या अडचणीतून सुटण्याचे दोन सोपे मार्ग लोकांनी काढलेले आहेत. एक पक्ष म्हणतो की जे मोजता येत नाही ते मोजण्याच्या भानगडीत पडू नये, पायावर डोके ठेवावे आणि पुढचे गुरूवर सोडावे. दुसरा म्हणतो की जे मोजता येत नाही ते नसतेच, तेव्हा गुरू हा प्रकारच मुळात फसवणुकीचा आहे. दोन्ही उत्तरांत विचाराचे कष्ट वाचतात, एवढेच त्यांचे साम्य.

ही अडचण जिथे वारंवार चव्हाट्यावर आली अशा गावांत सुरतेचा क्रम फार वरचा लागतो. तापीकाठच्या या व्यापारी शहरात १८४४ पासून आजपर्यंत गुरुपदाच्या अधिकाराविषयीचे वाद सभांत, छापील कागदांवर आणि शेवटी न्यायालयांत लढवले गेले आहेत, आणि त्यांतल्या निदान दोन प्रसंगी मराठी माणसांचा हात त्या वादाला लागलेला आहे. मराठी वाचकाला सुरत आठवते ती शिवरायांच्या स्वाऱ्यांमुळे, नाहीतर १९०७ च्या काँग्रेस अधिवेशनातील फुटीमुळे. गुरुशोधाच्या इतिहासातले तिचे स्थान मात्र आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही.

त्या इतिहासाकडे वळण्यापूर्वी शास्त्रांनी या बाबतीत काय सांगून ठेवले आहे ते पाहिले पाहिजे, कारण ‘गुरूला प्रश्न विचारणे हे पाश्चात्त्य शिक्षणाचे खूळ’ हा आक्षेप पहिल्या फेरीतच घेतला जातो. भगवद्गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञान मिळवण्याचे तीन उपाय एका दमात सांगितले आहेत: प्रणिपात म्हणजे नम्रपणे शरण जाणे, परिप्रश्न म्हणजे सर्व बाजूंनी विचारून घेणे, आणि सेवा. यांपैकी पहिला आणि तिसरा उपाय प्रत्येक मठात आणि सत्संगात पक्का रुजलेला आढळतो. मधला मात्र बहुधा गळून गेलेला असतो. परंपरानिष्ठ पंडित येथे एक मुद्दा काढतील, आणि तो रास्त आहे. शंकराचार्यांच्या भाष्यात परिप्रश्नाची जी उदाहरणे आहेत ती बंध, मोक्ष, विद्या आणि अविद्या यांविषयीची आहेत; म्हणजे तेथे प्रश्न तत्त्वासंबंधी आहे, गुरूच्या वर्तनासंबंधी नाही. हे मान्य करूनही असे म्हणता येते की ज्या घरात तत्त्वाविषयी प्रश्न विचारण्याची मोकळीक असते तेथेच पुढेमागे वर्तनाविषयी विचारण्याची हिंमत टिकते, आणि जेथे पहिलीच नसते तेथे दुसरीची आशा धरणे व्यर्थ आहे.

वर्तनाच्या परीक्षेची व्यवस्था शास्त्रांनी दुसरीकडे केलेली आहे. मुंडकोपनिषदाने गुरूची दोन लक्षणे सांगितली: तो श्रोत्रिय, म्हणजे शास्त्र परंपरेने शिकलेला असावा, आणि ब्रह्मनिष्ठ, म्हणजे त्या शास्त्राच्या अर्थात स्थिरावलेला असावा. पैकी पहिले लक्षण चारचौघांना तपासता येते आणि दुसरे येत नाही, हा भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. तंत्रग्रंथांनी तर दीक्षेपूर्वी गुरूने शिष्याला आणि शिष्याने गुरूला पारखून घ्यावे असा दंडकच घातला. गुरुनिंदा कानांवरही पडू देऊ नये असे बजावणाऱ्या कुलार्णव तंत्रातच शिष्याचे धन हरण करणारे गुरू उदंड असतात असा टोला आहे, आणि ज्ञानाची भूक भागत नसेल तर शिष्याने दुसऱ्या गुरूकडे जावे अशी मुभाही आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात अंबेच्या प्रकरणात भीष्म आपल्या गुरूसमोर, परशुरामासमोर, युद्धाला उभा राहतो तेव्हा गर्वाने वाट सोडलेल्या गुरूचा त्याग करावा या अर्थाचे वचन तो स्वतःच्या समर्थनार्थ पुढे करतो. युद्धापूर्वी तो गुरूला वंदन करायला चुकत नाही, ही त्या प्रसंगातली खरी सुंदर गोष्ट. मराठीत समर्थांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात गुरुनिश्चय, गुरुलक्षण आणि शिष्यलक्षण असे समास ओळीने लिहिले. मंत्रगुरू, यंत्रगुरू अशी जगात गुरू म्हणून वावरणाऱ्यांची लांबलचक यादी देऊन, मोक्ष देणारा गुरू यांहून निराळा, असे त्यांनी स्पष्ट केले आणि चमत्कार दाखवणाऱ्यालाही त्या निराळ्या पंक्तीत बसू दिले नाही.

सुरतेच्या कहाणीचा आरंभ एका मराठी व्याकरणकाराच्या बदलीपासून होतो, असे म्हटले तर थोडी अतिशयोक्ती होईल, पण थोडीच. ‘मराठी भाषेचे व्याकरण’ १८३६ मध्ये प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर पुढे सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक होते, आणि तेथे त्यांची गाठ दुर्गाराम मंछाराम मेहता या गुजराती शाळेच्या शिक्षकाशी पडली. शाळामास्तराला गुजरातीत मेहताजी म्हणतात, म्हणून हे गृहस्थ दुर्गाराम मेहताजी या नावानेच ओळखले जातात. या दोघांनी आणखी काही मित्रांसह २२ जून १८४४ रोजी सुरतेत मानवधर्म सभा स्थापन केली. दुर्गाराम, दादोबा, दिनमणिशंकर, दलपतराम आणि दामोदरदास अशी तिच्या चालकांची नावे सगळी ‘द’कारानेच सुरू होत असल्यामुळे गावात त्यांचा उल्लेख ‘पाच दद्दा’ असा होई. सभेत जाहीर चर्चा चाले आणि जातीचा विधिनिषेध न ठेवता बोलू दिले जाई. सर्व धर्मांतील ढोंग उघडे करावे हा तिचा एक हेतू होता, आणि त्याकरिता तिने एक अगदी साधा मार्ग धरला: मंत्राने भूत काढतो, विद्येने अमुक करून दाखवतो असे म्हणणाऱ्यांना तिने ते सर्वांसमक्ष करून दाखवण्याचे आव्हान दिले.

या आव्हानाचे महत्त्व नीट समजून घेतले पाहिजे. दुर्गाराम आणि दादोबा ईश्वर नाकारत नव्हते. मानवधर्म एक, ईश्वर एक, अशी त्यांची धारणा होती. जो दावा डोळ्यांनी पाहता येण्याजोगा आहे तो डोळ्यांनी पाहूनच मानायचा, एवढीच त्यांची मागणी होती. सभा फार काळ चालली नाही. दादोबा १८४६ मध्ये मुंबईला परतले, दुर्गाराम १८५२ मध्ये राजकोटला गेले आणि सभेचे काम संपले. दादोबांनी मुंबईत पुढे परमहंस सभा उभी केली, पण ती गुप्त होती. सुरतेत उघड्यावर जे बोलले गेले ते मुंबईत दार लावून बोलावे लागले, यातला विरोधाभास अभ्यासकांनी हवा तितका लक्षात घेतलेला नाही. त्याहून गमतीची गोष्ट अशी की हेच बुद्धिवादी दादोबा उतारवयात स्वीडनच्या स्वीडनबोर्ग या गूढवाद्याच्या ग्रंथांत रमले आणि १८७८ मध्ये त्यांच्यावर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले. तर्काने अंगण झाडून घेतल्यावर आत कोणाला तरी बसवावेसे वाटतेच, आणि तसे वाटण्यात दादोबांनी आपल्या तारुण्याशी काही द्रोह केला असे मानण्याचे कारण नाही.

दुसरा प्रसंग अधिक गाजलेला आणि अधिक कडू आहे. वल्लभाचार्यांनी प्रवर्तित केलेल्या पुष्टिमार्गात, म्हणजे भगवंताच्या अनुग्रहालाच साधन मानणाऱ्या वैष्णव संप्रदायात, दीक्षेला ब्रह्मसंबंध म्हणतात. तिच्यात शिष्य आपले तन, मन आणि धन श्रीकृष्णाला समर्पण करतो आणि ही दीक्षा देण्याचा अधिकार वल्लभकुलातील वंशजांकडे, ज्यांना महाराज म्हणत, वंशपरंपरेने असतो. या संप्रदायाने कीर्तन, चित्रकला, पाककला आणि बालकृष्णाची वत्सल सेवा यांत जे निर्माण केले ते भारतीय संस्कृतीचे वैभव आहे, आणि त्याचे लक्षावधी अनुयायी आजही निर्मळपणे ती सेवा करतात. हे आधी सांगितल्यावाचून पुढचे सांगणे अन्यायाचे होईल. अडचण समर्पणाच्या पत्त्यात होती. कृष्णाला वाहिलेले तन-मन-धन कृष्णाच्या वतीने कोणीतरी स्वीकारायचे, आणि तो स्वीकारणारा जन्माने ठरलेला, अशी व्यवस्था झाली की पारखेला जागाच उरत नाही.

सुरतेच्या गादीचे जदुनाथजी ब्रिजरतनजी महाराज १८६० मध्ये मुंबईत होते. विधवाविवाहाच्या प्रश्नावर त्यांचा सुरतेच्याच एका तरुणाशी, कवी नर्मदाशंकर म्हणजे नर्मद याच्याशी, जाहीर वाद झाला. महाराजांनी सुधारकांना उत्तर देण्यासाठी ‘स्वधर्मवर्धक अने संशयछेदक’ नावाचे नियतकालिकही चालवले. २१ ऑक्टोबर १८६० रोजी ‘सत्यप्रकाश’ पत्राचे संपादक करसनदास मूळजी यांनी हिंदूंचा मूळ धर्म आणि सध्याची पाखंडी मते या आशयाच्या मथळ्याचा लेख लिहून महाराजांच्या वर्तनावर, विशेषतः स्त्रीभक्तांशी असलेल्या त्यांच्या संबंधांवर, उघड आरोप केले. महाराजांनी १८६१ मध्ये पन्नास हजार रुपयांचा अब्रुनुकसानीचा दावा लावला, आणि १८६२ मध्ये मुंबईच्या सुप्रीम कोर्टात सर मॅथ्यू सॉस आणि सर जोसेफ आर्नोल्ड यांच्यासमोर तो चालला. २२ एप्रिल १८६२ रोजी निकाल लागला, तो मुख्यतः करसनदासांच्या बाजूने. जे नीतीच्या दृष्टीने अधम आहे ते धर्माच्या नावाने योग्य ठरत नाही, हा आर्नोल्डच्या निकालपत्राचा गाभा होता.

मराठी वाचकाने या खटल्यात एका साक्षीकडे विशेष पाहावे. डॉ. भाऊ दाजी लाड, मांद्र्याहून मुंबईत आलेले, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक आणि संस्कृतचे व पुराविद्येचे जाणकार, साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहिले आणि महाराजांच्या गुप्तरोगाविषयी त्यांनी वैद्य म्हणून सांगितले. रोग्याचे गुपित वैद्याने उघड करावे का हा प्रश्न आजच्या वाचकाला बोचेल, आणि बोचावाही. तथापि या साक्षीने घडले ते एवढेच की गुरूच्या दिव्यत्वाच्या प्रश्नाला हात न लावता, त्याच्या देहाविषयीची एक पडताळून पाहता येण्याजोगी गोष्ट न्यायासनापुढे आली. महाराज कृष्णस्वरूप आहेत की नाहीत यावर भाऊ दाजींना काहीही म्हणायचे नव्हते.

परंतु या प्रकरणाचा सर्वांत बोधक भाग मूळ खटल्यात नसून त्याच्या अलीकडे आहे. खटल्यापूर्वीच मुंबईच्या वैष्णवांकडून एका दस्तऐवजावर सह्या घेण्यात आल्या होत्या. महाराजांना न्यायालयात यावे लागू नये याची तजवीज आणि त्यांच्याविरुद्ध लिहिणाऱ्याला जातीबाहेर घालणे असा त्याचा रोख होता, आणि करसनदासांनी त्याला ‘गुलामीखत’ असे नाव देऊन पत्रात झोडपले. दावा लागल्यावर भाटिया ज्ञातीच्या पुढाऱ्यांनी बैठक घेऊन, ज्ञातीतील कोणी महाराजांविरुद्ध साक्ष देऊ नये असे ठरवले. करसनदासांनी त्याबद्दल वेगळी फिर्याद केली आणि त्या पुढाऱ्यांना दंड झाला. म्हणजे तोंड बंद करण्याचे काम एकट्या गुरूने केले असे नाही. ते शिष्यांनीही केले, आणि त्यांनी ते निष्ठेने, आपण धर्मरक्षण करीत आहोत अशा समजुतीने केले.

येथे एक निष्कर्ष काढावासा वाटतो, आणि प्रस्तुत लेखाला जे म्हणायचे आहे ते मुख्यतः हेच आहे. श्रद्धा आणि तर्क यांचा झगडा एका माणसाच्या मनात होतो असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात साधकाच्या मनातला तर्क क्वचितच श्रद्धेकडून हरतो, तो बहुतेक वेळा गुरुबंधूंकडून हरतो. गुरूविषयी शंका आली की माणूस प्रथम देवाला भीत नाही, तर रविवारी शेजारी बसणाऱ्या माणसाला, व्याह्याला, उधारी देणाऱ्या दुकानदाराला भितो. आणि म्हणून गुरूची पारख करताना त्याच्या ज्ञानाची खोली मोजत बसण्यापेक्षा एक गोष्ट पाहणे अधिक उपयोगाचे ठरते: त्याच्या मंडळीत प्रश्न विचारणाऱ्याचे आणि सोडून जाणाऱ्याचे काय होते. हे पाहायला ब्रह्मज्ञान लागत नाही.

दीडशे वर्षांनंतर सुरतेनेच हा धडा पुन्हा गिरवला. ऑक्टोबर २०१३ मध्ये सुरतेतील दोन बहिणींनी पोलिसांकडे लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी नोंदवल्या, थोरलीने आश्रमवाले गुरू आसाराम यांच्याविरुद्ध आणि धाकटीने त्यांचा मुलगा नारायण साई याच्याविरुद्ध. सांगितलेल्या घटना कित्येक वर्षांपूर्वीच्या होत्या. आसाराम यांना एका अल्पवयीन मुलीच्या राजस्थानात घडलेल्या प्रकरणात त्याआधीच अटक झालेली होती. सुरतेच्या सत्र न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये नारायण साईला जन्मठेप सुनावली. आसाराम यांना जोधपूरच्या न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये आणि गांधीनगरच्या न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये तीच शिक्षा दिली. दरम्यान या खटल्यांतील साक्षीदारांवर प्राणघातक हल्ले झाले. १८६१ च्या ज्ञातिबैठकीत ठराव होता, येथे शस्त्र होते. फरक भयंकर आहे, पण साक्षीदाराला गप्प करण्याची रीत तीच आहे. इतक्या उशिरा तक्रार का, असे विचारणाऱ्यांनी करसनदासांच्या काळातले गुलामीखत आठवावे.

आसाराम यांना अटक झाली त्याच वर्षी, २० ऑगस्टला, पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, आणि त्यानंतर महाराष्ट्राने नरबळी, अघोरी प्रथा व जादूटोणा यांविरुद्धचा कायदा केला; गुजरातने त्याच धर्तीचा कायदा २०२४ मध्ये केला. कायदा आवश्यकच आहे. पण तो अपराध घडल्यावर जागा होतो, आणि गुरू निवडण्याची घडी त्याच्या कितीतरी आधी येऊन गेलेली असते.

ती घडी आजच्या सुरतेत कशी येते हे पाहायचे तर लिंबायत, उधना आणि पांडेसरा या भागांकडे वळावे लागते. उधना–जळगाव रेल्वेमार्गाने जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून पिढ्यान्‌पिढ्या आलेली मराठी, खरे तर अहिराणी बोलणारी, माणसे येथे यंत्रमागांवर आणि कापडाच्या प्रक्रिया कारखान्यांत कामाला आहेत. बारा तासांची पाळी करणाऱ्या आणि गाव मागे टाकून आलेल्या या माणसाला सत्संग किंवा बैठक जे देते ते मोक्षाच्या कितीतरी अलीकडचे असते: नाव घेऊन हाक मारणारी माणसे, मुलीसाठी स्थळ, दारू सुटण्याचा धाक, दवाखान्यात रात्र काढायला जोडीदार. यात हसण्यासारखे काही नाही. शहराने जे द्यायला हवे होते आणि दिले नाही ते सत्संगाने दिले. पण याच कारणाने तो सोडणे म्हणजे दुसऱ्यांदा गाव सोडणे होऊन बसते.

अशा मेळाव्यांत अनुभवकथनाचा एक भाग असतो, त्याचे स्वरूप जवळून पाहण्यासारखे आहे. एक बाई उठून सांगते की मुलाचा ताप तीन डॉक्टरांनी हटला नाही आणि महाराजांचा अंगारा लावल्यावर दुसऱ्या दिवशी उतरला. एक गृहस्थ सांगतो की नोकरी जाता जाता राहिली. टाळ्या पडतात, कोणी डोळे पुसतो. या लोकांना अंधश्रद्ध म्हणणे सोपे असले तरी चूक आहे, कारण ते पुराव्यावरच बोलत आहेत. प्रचिती आली म्हणून मानले, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि प्रचितीवाचून मानू नये हे तर समर्थांच्याच वळणाचे बोलणे झाले. उणीव पुराव्याच्या गोळाबेरजेत आहे. अंगारा लावूनही ज्याचे मूल दगावले तो बाप त्या सभेत उठत नाही. तो बहुधा यायचाच बंद होतो, आणि त्याच्या न येण्याची नोंद कोणी ठेवत नाही. शिवाय ताप उतरणे ही ज्या गुरूची ओळख, तो समर्थांच्या यादीतल्या कोणत्या खणात पडतो हेही विचारायला हवे.

श्रद्धेची बाजू तितक्याच नेटाने मांडणारी एक परंपरा याच भागात मराठी आणि गुजराती लोकांना जोडते, ती दत्तसंप्रदायाची. भडोचहून महाराष्ट्रात आलेल्या चक्रधरस्वामींनी तेराव्या शतकात जो प्रवास केला, त्याच्या उलट दिशेचा प्रवास विसाव्या शतकात घडला. टेंबेस्वामी म्हणजे वासुदेवानंद सरस्वती यांनी १९१४ मध्ये नर्मदाकाठी गरुडेश्वरला देह ठेवला, आणि त्यांना गुरू मानणारे पांडुरंग विठ्ठल वळामे, गोध्र्यात वाढलेले कोकणी घराण्यातले मराठी गृहस्थ, रंग अवधूत या नावाने नारेश्वरला राहिले. त्यांनी १९३५ मध्ये रचलेली गुजराती दत्तबावनी आज दक्षिण गुजरातेत असंख्य घरांतून म्हटली जाते. या संप्रदायाचा आधारग्रंथ गुरुचरित्र. त्याच्या आरंभीच वेदधर्म आणि दीपक यांची कथा येते. कुष्ठाने सडणारा, चिडचिडा झालेला गुरू आणि काशीत त्याची एकवीस वर्षे सेवा करणारा शिष्य ही कथा सांगून आज्ञापालनाचे धडे हमखास दिले जातात. मात्र त्या कथेत एक बारकावा आहे जो सांगणारे सहसा गाळतात: ते दुखणे आपल्या अंगावर घ्यायला दीपक तयार असतो, आणि गुरू ते नाकारतो, कारण ज्याचे पाप त्यानेच भोगले पाहिजे. आपला भार शिष्यावर न टाकणारा गुरू आणि आपल्या भोगाची किंमत शिष्याकडून वसूल करणारा गुरू, यांतला फरक त्या कथेतच लिहून ठेवलेला आहे.

याच संप्रदायाला प्रिय असलेल्या अवधूताने, भागवताच्या एकादश स्कंधात, चोवीस गुरू केल्याचे सांगितले आहे: पृथ्वी, वारा, अजगर, मधमाशी, पिंगला नावाची वेश्या, बाण घडवणारा कारागीर. हे गुरू त्याने आपल्या बुद्धीच्या आधाराने केले असे तो यदुराजाला सांगतो, आणि नाथांनी एकनाथी भागवतात या प्रकरणाचा विस्तार मोठ्या चवीने केला आहे. यांपैकी एकाही गुरूने त्याला शिष्य करून घेतले नव्हते. प्रत्येकाकडून जेवढे घेण्याजोगे तेवढे घेऊन तो पुढे गेला. दत्तगुरूंचे नाव घेणाऱ्यांनी बुद्धीला गुरुद्रोही ठरवावे हे नवलच म्हणायचे.

सुरतेच्या रेल्वे स्थानकाशीही एका गुरुपदाची कथा जोडलेली आहे. अंबालाल मूळजीभाई पटेल या कंत्राटदाराला जून १९५८ मध्ये तेथील फलाटावरच्या बाकावर बसले असता आत्मज्ञान झाले असे त्यांचे अनुयायी मानतात, आणि ते पुढे दादा भगवान म्हणून प्रसिद्ध झाले. त्या अनुभवाविषयी बाहेरच्याला काहीच बोलता येत नाही. दोन गोष्टी मात्र बाहेरून दिसतात: हा माणूस पुढेही स्वतःच्या धंद्यावर जगला, आणि ‘दादा भगवान’ म्हणजे आतले तत्त्व, समोर दिसणारे ते पटेल, असा भेद तो स्वतःच करीत राहिला. यावरून त्यांचे तत्त्वज्ञान खरे ठरत नाही. एवढेच ठरते की त्यांच्या बाबतीत पैसा आणि देहपूजा या दोन वाटांनी तरी फसगतीचे भय कमी होते.

सुरतेतच महिधरपुरा हिरेबाजार आणि वराछाचा मिनी बाजार येथे रस्त्यावर, दुचाकीच्या सीटवर कागदाची पुडी उघडून लाखांचा माल दाखवला जातो. घेणारा चिमट्याने खडा उचलतो, डोळ्याला आयग्लास लावतो, उजेडाकडे तोंड करून हवा तितका वेळ पाहतो, आणि देणारा त्याचा राग मानत नाही. माल पुष्कळदा जांगडावर दिला जातो, म्हणजे पसंत पडला तर ठेवायचा, नाही तर परत करायचा, या बोलीवर. आणि हे सारे चालते ते तोंडी शब्दावर. विश्वास आणि काच ही दोन्ही एकाच हातात असतात. ज्या शहराने हा व्यवहार जन्मभर केला त्याच शहरातला माणूस संध्याकाळी सत्संगात गेल्यावर काच खिशात ठेवतो, आणि गुरूला पाहून घेणे हा त्याला गुरूचा अपमान वाटतो.

ही सगळी चर्चा ज्याला निवडता येते त्याच्यापुरती झाली. अवघड प्रश्न ज्याने निवडलेच नाही त्याचा आहे. ब्रह्मसंबंधाची दीक्षा पुष्कळांना लहानपणीच मिळते, आणि इतर संप्रदायांतही गुरू हा वारशाने येणाऱ्या घरासारखा मुलांकडे येतो. करसनदास मूळजी कपोळ वैष्णव घरात जन्मले होते. महाराजांना त्यांनी निवडले नव्हते. त्यांनी परिप्रश्न केला तो मोठेपणी, छापील पत्रात, आणि धर्म सोडून नव्हे तर मूळ धर्माचेच नाव घेऊन. त्यापूर्वी विधवाविवाहाच्या बाजूने निबंध लिहिण्याचा विचार केला म्हणून त्यांना आश्रयाचे घर सोडावे लागले होते, आणि १८६३ मध्ये विलायतेला जाऊन आल्यावर जातीनेही त्यांना बाहेर काढले. आजच्या मुलाचा परिप्रश्न असाच उशिरा येणार आहे आणि तो घरातच, आईवडिलांसमोर यायचा आहे. दत्तजयंतीच्या सप्ताहात लिंबायतच्या एखाद्या खोलीत गुरुचरित्राचे पारायण चालते, तेव्हा तेथे बसलेला मुलगा अध्यायामागून अध्याय नामधारकाचे प्रश्न ऐकत असतो, कारण तो सबंध ग्रंथ नामधारकाने विचारावे आणि सिद्धमुनीने सांगावे अशाच रचनेचा आहे. नामधारक मध्येच शंका काढतो, आणि सिद्ध त्याला गप्प न बसवता, बरे विचारलेस म्हणून त्याचे कौतुक करून पुढे सांगू लागतो. पारायण संपल्यावर त्याच मुलाने महाराजांच्या नव्या गाडीविषयी विचारले, तर घरातले कोणी सिद्धासारखे बोलेल याची खात्री देता येत नाही.